बंद दाराला आवतण

हे प्रकरण आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते. खून नाही, दरोडा नाही, वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा छापून आल्या नाहीत. तरी चौतीस वर्षांच्या नोकरीतलं एकच काय ते सांगा असं कुणी म्हटलं, तर मी हेच सांगतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्याच्याबद्दल हे आहे त्याला गावात सगळे बाबू म्हणत, आणि बाबू गावोगाव असतात, म्हणून तेवढं एक ठेवतो.

मी तेव्हा मुरबाड-शहापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. माघ महिना होता. भात केव्हाच घरात आलं होतं, लोक राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, झाडांचे टहाळ तोडायला लागले होते आणि लग्नांची गडबड सुरू झाली होती. असल्या दिवसांत ठाण्यातलं काम बेताचंच असतं. बांधावरून झालेली भांडणं, हळदीत दारू पिऊन झालेली मारामारी, कुणाची तरी चोरीला गेलेली मोटारसायकल. त्यातच एक निनावी अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडून खाली आला. कोपऱ्यात शेरा होता, ‘चौकशी करून अहवाल सादर करावा.’

अर्जाचा मजकूर असा: धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात छत्तीस वर्षांचा एक धडधाकट माणूस मतिमंद असल्याचा बोगस दाखला काढून बसला आहे. तो शेतात राबतो, धसईच्या बाजाराला एकटा जातो, गावाच्या लग्नकार्यात घरोघरी आवतण देतो, स्वतःची सही करतो. त्याच्या बहिणीने खोटा दाखला मिळवून शासनाची फसवणूक केली आहे, सबब दोघांवर गुन्हा दाखल व्हावा.

खोटा दाखला म्हटलं की तेव्हा माझं टाळकं सटकायचं. आमच्या एका शिपायाची बहीण दोन्ही पायांनी अधू होती, आणि तिच्या खऱ्या दाखल्यासाठी त्या बिचाऱ्याने घातलेले हेलपाटे मी पाहिले होते. त्यामुळे अर्ज वाचतानाच मी मनात निकाल देऊन मोकळा झालो. चौकशी अधिकाऱ्याने हे कधीही करू नये, हे मी नव्या फौजदारांना शिकवायचो.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन गावात गेलो. ते त्याच भागातले, माझ्यापेक्षा वयाने मोठे. सगळं ठाणं त्यांना मामा म्हणायचं, मीसुद्धा. बाबू आम्हाला वाटेतच भेटला. डोक्यावर टहाळाचा हा भला मोठा भारा आणि चाल झपझप. मामांनी हाक मारली तसा थांबला, हसला आणि म्हणाला, “चाय घ्या, साहेब.” मी मामांकडे पाहिलं.

घरी त्याची थोरली बहीण होती. नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली, पन्नाशीची, बोलायला सडेतोड. आईबाप गेलेले. आई जाऊन दोनच वर्षं झाली होती. दाखला तिने डब्यातून काढून दिला. जिल्ह्याच्या रुग्णालयाचा, शिक्क्यासह, ‘बौद्धिक अक्षमता’ असं लिहिलेला. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

“छत्तीस वर्षं दाखल्याची गरज पडली नाही, आणि आताच कशी पडली?” मी विचारलं.

“आय होती तवर कोणाची हिंमत नव्हती, साहेब. आता चुलतभाव शेतावर टपून हाय. रस्ता येतोय ना शेताच्या कडेनं. बाबूला कोनीबी कागद दिला का तो सही करतो. म्हून दाखला काढला. तालुक्याच्या हापिसातल्या बाईनी सांगितला, दाखला आसला तर मला पालक म्हून लावून घेता येल. तो तुकडा गेला तर आमी खायाचा काय, आन् माज्या मागं ह्याला कोन बघील?”

तिने सगळं सांगून टाकलं होतं. पहिल्याच भेटीत, सरळ शब्दांत. पण मी ऐकलं ते एवढंच, की भावकीत जमिनीचा वाद आहे आणि ह्या बाईने त्यासाठी दाखला काढला आहे. मी वहीत लिहिलं, ‘हेतू: जमीन.’ हेतू बरोबर लिहिला, फक्त माणूस चुकीचा धरला.

परवा दोघांनी ठाण्यात हजर राहावं, अशी समज दिली. ते सकाळी पहिल्या एसटीने आले. बहिणीला मी बाहेरच्या बाकावर बसवलं आणि बाबूला आत घेतलं. धुतलेला शर्ट, केसांना तेल, हात गुडघ्यांवर. मी जबाब लिहायला घेतला.

“शेती करतोस?”

“हो साहेब.”

“बाजाराला एकटा जातोस?”

“हो साहेब.”

“घरचे, शेतीचे व्यवहार समजतात ना?”

“हो साहेब.”

“दाखला बहिणीने काढला, तुला काही आजार नाही, बरोबर?”

“हो साहेब.”

पंधरा मिनिटांत जबाब झाला. इतका सरळ साक्षीदार मला महिनाभरात मिळाला नव्हता. ठाण्याच्या भाषेत तो कागद असा झाला: ‘मी वरील ठिकाणी बहिणीसह राहण्यास असून शेती करून उपजीविका करतो. मला घरचे व शेतीचे सर्व व्यवहार समजतात.’ खाली नेहमीची ओळ, ‘माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ बाबूने पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

बाहेर येऊन मी बहिणीला म्हणालो, “सही येते, बाजार जमतो, व्यवहार कळतात. आणखी काय शिल्लक राहिलं, बाई?”

ती चिडली नाही. म्हणाली, “त्याला नाव लिवाया शिकवता शिकवता माज्या आयेचे केस पिकले, साहेब.” मग भावाचा हात धरून एसटी स्टँडकडे निघून गेली. मी अहवालाचा मसुदा सुरू केला. बहिणीविरुद्ध फसवणुकीचा गुन्हा दाखल करण्यास हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी चुलतभाऊ ठाण्यात आला. आटगावला राहणारा, इस्त्रीचे कपडे, बोलणं तोंडात साखर घातल्यासारखं. म्हणाला, जागरूक नागरिक म्हणून आलो आहे, काही मदत लागली तर सांगा. मी म्हटलं, ठीक आहे. जाता जाता त्याने विचारलं, “साहेब, बाबूच्या जबाबाची नक्कल कशी मिळेल?”

तो गेल्यावर मामा म्हणाले, “अर्ज निनावी हाय. जबाब आज झाला. ह्याला कसा कळला, आन् ह्याला नक्कल कशाला पायजे?”

हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. पण मामांचं बोलणं डोक्यात राहिलं, म्हणून मसुदा तसाच ठेवला आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला आम्ही पुन्हा गावात गेलो.

सकाळचे दहा वाजले असतील. गावात कुणाच्या तरी घरी दुसऱ्या दिवशी हळद होती आणि बाबू आवतण द्यायला निघाला होता. आवतण म्हणजे घरोघर जाऊन तोंडी द्यायचं निमंत्रण. पत्रिका छापली तरी तिकडे आवतण लागतंच, नाही दिलं तर माणसं वर्षभर धरून ठेवतात. डोक्याला पांढरी टोपी, कपाळाला कुंकू, आणि बाबू देवळाकडच्या पहिल्या घरापासून सुरू झाला. प्रत्येक ओट्यासमोर उभा राहून हात जोडायचा आणि म्हणायचा, “उद्या हळदीला या. चूलबंद आवतण हाय.” चूलबंद म्हणजे घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. एकही घर चुकत नव्हतं. मी मामांना म्हणालो, “बघा, सगळं गाव पाठ आहे. हा म्हणे मतिमंद.”

आम्ही थोडं अंतर ठेवून मागे चाललो. वळणावर एक बंद घर होतं. कुलूप गंजलेलं, ओट्यावर पाचोळा, छपराची कौलं सरकलेली. माणसं कल्याणला जाऊन खूप वर्षं झाली असावीत. बाबू त्या घरासमोर उभा राहिला. हात जोडले आणि बंद दाराला म्हणाला, “काकी, उद्या हळदीला या. चूलबंद आवतण हाय.” बाकीच्या दारांत थांबत होता तेवढाच तिथे थांबला. मग “येतो” म्हणून पुढे निघाला.

त्याच्या पुढचं घर नवं होतं, स्लॅबचं, ओट्यावर तीन बायका तांदूळ निवडत बसलेल्या. एकीने हाक मारली, “बाबू, आमाला नाय का रे?” बाबू हसला आणि सरळ पुढे गेला.

बायकांना त्याचं काहीच वाटलं नाही. कारण त्याच्या मागून काठी टेकत एक म्हातारा येत होता. तो त्या घरासमोर थांबला आणि त्याने आवतण दिलं. मी म्हाताऱ्याला गाठून विचारलं, हा काय प्रकार.

“त्याच्या आयेनं त्याला घरा दावली तवा ही नवी घरा नव्हती,” म्हातारा म्हणाला. “जी दावली तेवढी तो घेतो. एक सोडीत नाय. रायलेली मी मागून घेतो. दर टायमाला आसाच करतो आमी.”

“मग तुम्हीच का देत नाही सगळीकडे?”

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढा मोठा साहेब आणि एवढं कळत नाही. “काम त्याचा हाय ना ता,” तो म्हणाला.

मी तिथेच एका ओट्यावर बसलो. ज्याला मी पाठांतर आणि हुशारी समजत होतो, त्याच्या मागे काठी टेकत एक माणूस चालत होता, आणि तो मला इतका वेळ दिसलाच नव्हता. मग बाजाराचंही विचारलं. भाजीचे वाटे बहीण घरीच बांधून देते, सगळे एकाच किमतीचे. एसटीचा चालक त्याला धसईला उतरवतो. बाजारात शेजारची बाई त्याच्याजवळ बसते. एकदा संपामुळे एसटी आली नाही, तर हा अंधार पडेपर्यंत थांब्यावरच उभा होता, घर चालत जाण्याइतकं जवळ असून.

अहवाल मी बाजूला ठेवला आणि दोघा भावंडांना घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. ज्यांनी बाबूची तपासणी केली होती त्या मानसशास्त्रज्ञ बाई तरुण होत्या, पण माझ्या खाकीला अजिबात न बिचकणाऱ्या. त्यांनी त्याची फाइल काढली. चांगली जाड होती. मी धरून चाललो होतो की दाखला पाच मिनिटांत मिळाला असेल.

“बौद्धिक अक्षमता हा आजार नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “गोळ्या घेऊन जात नाही, आणि वेडाशीही तिचा संबंध नाही. ती लहानपणापासून असते. म्हणून आम्ही आधी लहानपण विचारतो. कधी चालला, कधी बोलला, शाळेत काय झालं. मग बुद्धीची चाचणी. पण नुसत्या आकड्यावर दाखला देत नाही. रोजचं जगणं किती जमतं तेही बघतो. अंघोळ, कपडे, रस्ता, पैसे, आणि कोण फसवतंय हे कळणं.”

“पण त्याला बरंच जमतं,” मी म्हणालो.

“जमतंच. त्याच्या आईने शिकवलंय. तो काय करतो ते तुम्ही पाहिलंत. कोणाच्या आधाराने करतो, आणि नेहमीपेक्षा वेगळं घडलं की त्याचं काय होतं, ते तपासलंत का?”

आठवडाभरापूर्वी तपासलं नव्हतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला फार पटलं. चाचणीतल्या चित्रांत सोफा असतो, लिफ्ट असते. डोंगराकडच्या माणसाला ती ओळखता आली नाहीत, तर दोष बुद्धीचा नसतो. उलट, भाषा न कळल्यामुळे चांगला शहाणा माणूसही अक्षम ठरू शकतो. म्हणून त्यांनी तिकडची बोली येणारी परिचारिका बरोबर घेतली होती आणि इळा, सूप, कणगी दाखवून पुन्हा विचारलं होतं. बहिणीशी वेगळं बोलल्या होत्या. एवढं करून दाखला लिहिला होता.

मी त्यांच्यासमोर बाबूचा जबाब ठेवला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, “यातल्या किती प्रश्नांचं खरं उत्तर ‘नाही’ होतं?”

मी पाहिलं. एकाही प्रश्नाचं उत्तर मी ‘नाही’ ठेवलं नव्हतं. दाखल्याचा प्रश्नसुद्धा मला हवा तसाच घातला होता.

त्या बाबूकडे वळल्या. “बाबू, ताई तुझ्यापेक्षा मोठी आहे ना?”

“हो.”

“ताई तुझ्यापेक्षा लहान आहे ना?”

“हो,” बाबू तेवढ्याच आनंदाने म्हणाला.

“अशा माणसांना लहानपणापासून कळलेलं असतं, की हो म्हटलं की समोरचा रागावत नाही,” बाई म्हणाल्या. “त्यात समोर पोलीस.”

आम्ही परतलो तोवर मामांनी मुरबाडला जाऊन नोंदणी कार्यालयात शोध घेतला होता. त्यांनी स्वतःच्या डोक्याने केलेलं काम. वर्षापूर्वी, म्हणजे दाखल्याच्याही आधी, बाबूच्या वाट्याच्या शेताचं खरेदीखत चुलतभावाच्या नावाने नोंदलं गेलं होतं. बहिणीला पत्ता नव्हता. कार्यालयात विचारायचं ते विचारलं होतं, बाबूने ‘हो’ म्हटलं होतं आणि सुंदर सही केली होती. आता बहीण पालक म्हणून लागली, की ते खत उकरलं जाणार होतं. म्हणून दाखलाच खोटा ठरवायचा, आणि तोही पोलिसांच्या हातून.

चुलतभावाला बोलावलं. तो डगमगला नाही. “त्याने राजीखुशीने दिलं, साहेब. विचारा त्याला माझ्यासमोर.”

बाबूला आत आणलं. ह्या वेळी बहीण त्याच्याशेजारी बसली. चुलतभावानेच विचारलं, “बाबू, तू मला राजीखुशीने दिलंस ना?”

“हो दादा.”

चुलतभाऊ माझ्याकडे पाहून हसला. मी खुर्ची बाबूजवळ ओढली. “बाबू, काय दिलंस दादाला?”

बाबूने विचार केला. बराच वेळ केला. मी घाई केली नाही, हे मी त्या आठवड्यात शिकलो होतो.

“आधार कारड,” तो म्हणाला.

“मग?”

“मंग सही. लय येळा. मंग जेवलू. मटन व्हता.”

“आणि शेत?”

बाबूला प्रश्न कळला नाही. “शेत घरला हाय,” तो म्हणाला. बहिणीने पदर तोंडाला लावला. चुलतभावाचं हसू तोवर गेलं होतं.

त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. पण नोंदलेलं खत पोलीस रद्द करू शकत नाहीत, ते काम दिवाणी न्यायालयाचं. बहिणीने दावा लावला. तो चालत राहिला आणि तोवर मी निवृत्त झालो. मग एक दिवस समन्स आलं.

चुलतभावाच्या वकिलाच्या हातात माझाच कागद होता. बाबूचा पहिला जबाब. एका सहकाऱ्याने मला तेव्हाच सुचवलं होतं, की तो फाइलमधून काढून टाका. पण फाइलला लागलेला कागद काढायचा नसतो, आणि मी काढला नव्हता.

“ह्यात लिहिलंय, ‘मला घरचे व शेतीचे सर्व व्यवहार समजतात.’ हे वाक्य त्या इसमाने म्हटलं?”

“नाही. मी म्हटलं. तो हो म्हणाला.”

“खाली लिहिलंय, ‘माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ म्हणजे तुम्ही शासकीय कागदावर खोटं लिहिलंत?”

बहिणीचा वकील हरकत घ्यायला अर्धा उठला. सुटायला वाट होती. ती छापील पद्धत आहे, सगळेच लिहितात, असं म्हणता आलं असतं. माझ्या नोकरीवर एक डाग नव्हता आणि तो न लागावा असं मला फार वाटत होतं. बाबू मागच्या बाकावर बसून पंख्याकडे बघत होता.

“हो,” मी म्हणालो. “खोटं लिहिलं. तो जबाब त्याचा नाही, माझा आहे.”

न्यायाधीशांनी ते तसंच नोंदवून घेतलं. काही महिन्यांनी खरेदीखत रद्द झालं. बहिणीने फोन करून सांगितलं, “साहेब, शेत आमच्याकडंच रायला.” मी म्हटलं, छान झालं.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते मी प्रशिक्षणाला येणाऱ्या पोरांना सांगतो. ‘हो’ लगेच आलं की थांबा. तोच प्रश्न उलटा करून विचारा. ‘केलंस ना’ म्हणू नका, ‘काय झालं’ म्हणा आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे, त्याला बाहेरच्या बाकावर बसवू नका. शंका आली तर तपासणीला पाठवा, आणि तपासणाऱ्याचं पूर्ण ऐका.

पोरं लिहून घेतात. त्यांना मी एक गोष्ट सांगत नाही. मी ह्या नोकरीत किती जबाब लिहिले ते मोजलेलं नाही. त्यांत असे बरेच होते, जे मान खाली घालून सगळ्याला हो म्हणायचे, जराही त्रास द्यायचे नाहीत. आम्हाला ते फार आवडायचे. काही जण त्या ‘हो’वर तुरुंगातही गेले. त्यांच्यातले कितीजण बाबूसारखे होते, ते आता कळायला मार्ग नाही. त्यांच्याबरोबर कुणाची बहीण आलेली नव्हती, आणि काय झालं, असं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.